पुरुषपूर ते पेशावर : खैबरच्या तोंडाशी वसलेलं शहर

सांजवाट

मुंबई सेंट्रलहून रोज संध्याकाळी अमृतसरला एक गाडी सुटते. १९९६ पासून तिचं नाव गोल्डन टेंपल मेल आहे, पण आमच्या घरात ती कायम 'फ्रंटियर'च राहिली. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की हे फ्रंटियर नावाचं गाव कुठे आहे? ते म्हणाले, "गाव नाही गं, पेशावर. ही गाडी पूर्वी तिथपर्यंत जायची." १ सप्टेंबर १९२८ ला ही गाडी सुरू झाली तेव्हा तिचं शेवटचं स्टेशन खरंच पेशावर होतं. आपल्या मुंबईतून थेट खैबरखिंडीच्या तोंडापर्यंत! तेव्हापासून हे शहर माझ्या डोक्यात घर करून आहे. गेली काही वर्षं मिळेल ते वाचत आले, त्यातलं थोडं इथे मांडते. चुकलं तर जाणकारांनी जरूर सांगावं.

आधी जागा समजून घेऊ, कारण जागा कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. काबूल नदी डोंगरांतून बाहेर पडते आणि अटकेजवळ सिंधूला मिळते. या दोहोंच्या मध्ये एक सपाट, पाण्यानं समृद्ध खोरं आहे. पश्चिमेला खैबर, उत्तरेला स्वात, पूर्वेला सिंधू. मध्य आशियातून जो कोणी हिंदुस्थानात उतरेल त्याला डोंगर संपल्यावर पहिलं पाणी, पहिलं धान्य आणि पहिला बाजार इथेच मिळणार. इथून जो कोणी वर जाईल त्याला शेवटची रसद इथेच भरून घ्यावी लागणार. खैबरच्या दाराशी असलेलं जमरूद पेशावरपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि आजची अफगाण सरहद्द पन्नासेक किलोमीटरवर.

या खोऱ्याचं नाव गांधार. आपण गांधारीमुळे ते महाभारतातून ओळखतो. इराणचा सम्राट दारयवहु याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखातही त्याच्या मुलखांच्या यादीत गांधार आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी हा भाग पूर्वेकडच्या कथांमध्येही होता आणि पश्चिमेकडच्या कारभारातही. गांधारची जुनी राजधानी मात्र पेशावर नव्हे. ती पुष्कलावती, आजचं चारसद्दा, पेशावरच्या ईशान्येला. अलेक्झांडरचा सेनापती हेफेस्टियन इ.स.पू. ३२७ मध्ये तिथे येऊन थडकला, तेव्हा त्या गावानं तीस दिवस वेढा सोसला. पुढे कुशाण राजांच्या काळात पुरुषपूर, म्हणजे आजचं पेशावर, मोठं झालं आणि पुष्कलावती मागे पडली.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते. कनिष्काचा स्तूप.

इ.स. ४०० च्या सुमारास चिनी यात्रेकरू फाहियान पुरुषपूरला आला. त्यानं ऐकलेली कथा अशी : कनिष्क राजा फिरत असताना त्याला वाटेत एक गुराख्याचा पोर मातीचा छोटा स्तूप करताना दिसला. "काय करतोस?" राजानं विचारलं. "बुद्धाचा स्तूप करतोय." तो पोर म्हणजे वेष पालटून आलेला इंद्र होता. राजा खूश झाला आणि त्यानं त्या मातीच्या स्तूपावरच आपला प्रचंड स्तूप उभा केला. फाहियान लिहितो, की प्रवासात पाहिलेल्या कुठल्याही स्तूपाला याची सर नाही. त्यानं दिलेली उंची चारशे फुटांच्या घरात जाते. दगडी जोत्यावर लाकडी मजले, त्यावर लोखंडी खांब आणि खांबावर तांब्याची छत्रं. अशा उंच धातूवर वीज पडणारच. वीज पडून, आग लागून तो पुन्हा पुन्हा जळला आणि पुन्हा पुन्हा बांधला गेला. इ.स. ६३० च्या आसपास ह्यूएनत्संग आला तेव्हा गांधारातले शेकडो विहार ओस पडले होते, स्तूपाच्या आठवणी मात्र ताज्या होत्या. अकराव्या शतकात अल्-बिरूनीलाही इथल्या 'कनिक चैत्या'चं नाव माहीत होतं.

नंतर सगळं विस्मरणात गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फूशे या फ्रेंच अभ्यासकानं चिनी यात्रेकरूंची वर्णनं ताडून पाहिली आणि शहराबाहेरच्या 'शाहजी की ढेरी' या उंचवट्याकडे बोट दाखवलं. १९०८ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या स्पूनरनं तिथे खणायला घेतलं. ऐंशी मीटरहून अधिक रुंदीचा पाया सापडला. त्याच्या मधोमध खोलवर एका छोट्या कोठडीत तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला डबा. झाकणावर बुद्ध, दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि इंद्र. झाकणाच्या कडेनं उडणाऱ्या हंसांची रांग. खाली खांद्यावर माळा वाहणारी बाळं, अगदी ग्रीक धाटणीची, आणि त्यांच्यात लांब अंगरखा व जाड बूट घातलेला कुशाण राजा, शेजारी सूर्य आणि चंद्र. डब्यात स्फटिकाची कुपी आणि त्यात अस्थींचे तीन तुकडे.

तो डबा आज पेशावरच्या संग्रहालयात आहे. अस्थी मात्र इंग्रजांनी १९१० मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या मंडळींच्या स्वाधीन केल्या आणि त्या मंडालेला गेल्या. ज्या मंडालेच्या तुरुंगात टिळक तेव्हा होते, त्याच मंडालेला. हे जुळलेलं साल पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

डब्यावर खरोष्ठी लिपीत मजकूर आहे. 'अगिसल' असा एक शब्द आधी वाचला गेला आणि तो अगेसिलास नावाचा ग्रीक कारागीर असावा, असं ठरलं. गांधारातला ग्रीक कलाकार म्हणून तो गाजला. पुढे अभ्यासकांनी अक्षरं पुन्हा तपासली. तो माणूसच नव्हता. तो शब्द होता 'अग्निशाळा', विहारातली शेकोटीची खोली! तिच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्यांची नावं होती महासेन आणि संघरक्षित. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पेशावरचा डिसेंबर-जानेवारी कडाक्याचा. भिक्षूंना ऊब मिळावी म्हणून खोली बांधणारे दोन माणसं अठराशे वर्षांनी नावानिशी आपल्यापर्यंत पोहोचले.

पुढचं थोडक्यात. असंग आणि वसुबंधू हे महायानातले दोन थोर भाऊ याच पुरुषपूरचे. सिंधूकाठचं उदभांडपूर (आजचं हुंड) ही हिंदू शाही राजघराण्याची राजधानी. त्यांचा राजा जयपाल २७ नोव्हेंबर १००१ रोजी पेशावरजवळ गझनीच्या महमूदाकडून हरला. सुटका झाल्यावर त्यानं गादी मुलाला दिली आणि स्वतः चितेवर चढला. मग मोगल, नादिरशहा, दुराणी, शीख, इंग्रज. दुराणी म्हणजे अब्दालीच्या घराण्यातल्या राजांची ही हिवाळ्याची राजधानी होती. १९०१ मध्ये कर्झननं वायव्य सरहद्द प्रांत वेगळा केला आणि 'सरहद्द' हे त्या शहराचं जवळजवळ आडनावच झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे : हे शहर प्रत्येकाच्या नकाशात कडेला आहे, इराणच्या, दिल्लीच्या, काबूलच्या, लाहोरच्या, लंडनच्या. त्याचा स्वतःचा नकाशा काढला तर ते मधोमध येतं. किस्सा ख्वानी बाजारात, म्हणजे किस्से सांगणाऱ्यांच्या बाजारात, बुखाऱ्याचे आणि काबूलचे व्यापारी कहव्याचे पेले घेत बसायचे. त्यांच्या दृष्टीनं ते कडेचं गाव नव्हतं.

मोडीवेडा

सांजवाटताई, लेख मनापासून आवडला. अग्निशाळेचं माहीत नव्हतं. पण एक विचारतो. पेशावरवर मराठीत लिहायचं आणि १७५८ चा उल्लेखही नाही? मुद्दाम वगळलंत का?

सांजवाट

हो, मुद्दाम. आपण मराठी लोक या शहराकडे एकाच खिडकीतून बघतो, म्हणून ती खिडकी क्षणभर बंद ठेवली. पण तुम्ही कागदपत्रं वाचता, तेव्हा तुम्हीच लिहा ना.

मोडीवेडा

ठीक. जे पक्कं आहे ते आधी.

१७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादा आणि मल्हारराव होळकर यांनी सरहिंद घेतलं. एप्रिलमध्ये फौजा लाहोरात शिरल्या. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा आणि सेनापती जहानखान लाहोर सोडून पळाले. चिनाबपर्यंत पाठलाग झाला, सामानसुमान हाती लागलं. पंजाबातला सरदार अदिनाबेग याला वर्षाला ७५ लाख रुपयांच्या बोलीवर सुभा दिला आणि दादा मेमध्ये परत फिरले. त्याच सप्टेंबरात अदिनाबेग वारला आणि घडी विस्कटली. पुढच्या वर्षी साबाजी शिंदे लाहोरास होते, त्यांनी जहानखानाला एकदा मागे रेटलंही. मग स्वतः अब्दाली उतरला, १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी पडले आणि वर्षभरानं पानिपत.

म्हणजे अटकेच्या मुलखात मराठ्यांचा अंमल दीड वर्षाच्या आसपास. 'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार अडीचशे वर्षांनंतरही ताजा आहे.

रानवारा

मोडीवेडासाहेब, अटकेपर्यंतच का थांबलात? मराठ्यांची पथकं पेशावरपर्यंत गेली होती, तिथलं ठाणंही घेतलं होतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांची नावंही घेतली जातात. आपल्या पूर्वजांनी केलेलं आपणच कमी करून का सांगावं?

मोडीवेडा

रानवारा, कमी करायचा हेतू अजिबात नाही. तुमच्याइतकाच अभिमान मलाही आहे. पण पेशावरबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि माझा कल कुठे झुकतो ते सांगतो.

दादांनी ४ मे १७५८ ला लाहोरच्या मुक्कामावरून नानासाहेबांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की लाहोर, मुलतान, काश्मीर वगैरे अटकेच्या अलीकडचे सुभे बहुतेक आपल्याकडे आले, राहिलेलेही येतील. तैमूर आणि जहानखान लुटले जाऊन मोडक्या फौजेनिशी पेशावरास पोहोचले. काबूल-कंदाहारचे सुभे अकबरापासून आलमगिरापर्यंत हिंदुस्थानचेच होते, ते परक्यांना का द्यावेत? अब्दालीचा पुतण्या आपल्याकडे आला आहे, त्याला पुढे करून तिकडचा बंदोबस्त करावा.

आता नीट वाचा. पत्र लिहिताना दादांच्या डोळ्यांपुढे पेशावर आहे, पण ते शत्रू जिथे पोहोचला ते ठिकाण म्हणून. हाती आलेलं म्हणून ते 'अटकेच्या अलीकडचं' सांगतात. त्यानंतर एखादी तुकडी पुढे गेली नसेलच असं मी म्हणणार नाही. पण राज्य बसवणं वेगळं आणि पथक फिरवून आणणं वेगळं.

मला त्या पत्रातली पोच महत्त्वाची वाटते. पुण्याहून निघालेला माणूस कंदाहारच्या सुभ्याचा हिशेब मांडतोय.

रानवारा

पत्राचा आशय दिल्याबद्दल आभार. 'अलीकडचे' या शब्दाकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. मत पूर्ण बदललं असं म्हणत नाही, पण यापुढे सांगताना 'अटकेपर्यंत' आणि 'पेशावरपर्यंत' यांत फरक करीन.

वसईचा_वारा

ताईंनी अशोकाला सोडून दिलं म्हणून मी भर घालतो. पेशावरच्या पूर्वेला मर्दान भागात शाहबाजगढी नावाचं गाव आहे. तिथल्या खडकांवर अशोकाच्या चौदा आज्ञा खरोष्ठी लिपीत कोरलेल्या आहेत. खरोष्ठी उजवीकडून डावीकडे जाते, ती त्या मुलखाची लिपी.

आणि त्याच आज्ञांपैकी आठवीचा तुकडा आमच्या सोपाऱ्याला सापडला, ब्राह्मीत! १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यात उत्खनन केलं, तेव्हाची गोष्ट. पुढे १९५६ मध्ये नवव्या आज्ञेचाही तुकडा मिळाला. एकाच राजाचा एकच मजकूर, एक प्रत खैबरच्या पायथ्याशी आणि एक अरबी समुद्राच्या काठी. लिपी वेगळी, कारण वाचणारा वेगळा. आठव्या आज्ञेचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे गांधार शिल्पंही आहेत, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही टोकं बघून होतात.

आठव्या आज्ञेत काय आहे? पूर्वीचे राजे शिकारीच्या सहली करत, मी आता धम्मयात्रा करतो. हे वाचून मला बाबर आठवला. त्याच पेशावरच्या खोऱ्यात १५१९ मध्ये तो गेंड्यांची शिकार करत होता, आत्मचरित्रात त्यानं ते खुलासेवार लिहून ठेवलंय. त्या काळी तिथे गेंडे होते, म्हणजे केवढं पाणी आणि केवढी गवताळ दलदल असेल, विचार करा.

कणाद७१

कनिष्काचा विषय निघालाच आहे तर आपल्या पंचांगाचं बोलू. आपण शालिवाहन शके लिहितो, आणि तो इ.स. ७८ पासून मोजतो. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत तुम्हाला आढळेल, की हा शक कनिष्काच्या राज्यारोहणापासून सुरू झाला. म्हणजे लग्नपत्रिकेवरचा आकडा पुरुषपूरच्या राजाचा! मीही कॉलेजात असंच शिकलो.

आता बहुतेक अभ्यासक कनिष्काचा आरंभ इ.स. १२७ च्या आसपास धरतात. एका जुन्या ज्योतिषग्रंथात शक आणि कुशाण कालगणनांमधलं अंतर दिलेलं आहे, त्यावरून हा हिशेब निघाला. तेव्हा शकाचं श्रेय पश्चिमेकडच्या शक क्षत्रपांकडे जातं. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात रबातक इथे कनिष्काचा मोठा शिलालेख सापडला. त्यात त्याच्या पणजोबापर्यंतची नावं आहेत, त्यामुळे वंशावळीचा बराच गोंधळ मिटला.

खडूफळा

मी शाळेत गणित शिकवते. या खोऱ्यानं माझ्या विषयाला काय दिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८८१ मध्ये मर्दानजवळच्या बख्शाली गावात एका शेतकऱ्याला जमीन खणताना भूर्जपत्रांची चळत मिळाली. बरीचशी पानं हात लावताच चुरली, सत्तरेक उरली. त्यात अपूर्णांक, वर्गमुळं, नफा-तोटा, व्यापाऱ्यांची गणितं आहेत. रिकाम्या स्थानासाठी एक ठसठशीत टिंब. हेच आपल्या शून्याचं जुनं रूप. पानं आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. २०१७ मध्ये कार्बन पद्धतीनं तीन पानांची तपासणी झाली तेव्हा वयं वेगवेगळ्या शतकांतली निघाली, सगळ्यात जुनं तिसऱ्या-चौथ्या शतकातलं. त्यावर विद्वानांचा वाद चालू आहे, कारण हस्ताक्षर एकसारखं आहे.

वर्गमूळ काढायची त्यातली रीत मी नववीच्या मुलांना करून दाखवते. संख्या १० घ्या. जवळचा वर्ग ९, मूळ ३, उरला १. १ भागिले ६ (३ ची दुप्पट) म्हणजे सुमारे ०.१६६७. झाले ३.१६६७. मग एक छोटी दुरुस्ती वजा करायची : १/६ चा वर्ग भागिले ३.१६६७ ची दुप्पट. उत्तर ३.१६२२८. कॅल्क्युलेटरशी ताडून पाहा. व्यापाऱ्यांच्या वाटेवरच्या गावात हे गणित सापडावं यात मला नवल वाटत नाही, हिशेबाची गरज तिथेच सगळ्यात जास्त.

आणि हो, पाणिनी! त्याचं शालातुर गाव सिंधूच्या पश्चिम काठाजवळ, हुंडच्या परिसरातलं. संस्कृतचं व्याकरण बांधणारा माणूस या सरहद्दीचा होता. जिथे दहा भाषा कानावर पडतात तिथल्या माणसालाच आपल्या भाषेचे नियम स्पष्ट दिसत असावेत, असं मला वाटतं.

ओवी

खडूफळा, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. मी ३.१६२२८ करून पाहिलं, जुळलं!

मुळाकाठ

एक पुण्याचा धागा. खडकीच्या लढाईमुळे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपल्याला ठाऊक आहे, पुण्याचा रेसिडेंट, पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. पुण्यात येण्याआधी १८०९ मध्ये तो पेशावरला गेला होता. नेपोलियन इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल या धास्तीनं कंपनीनं त्याला अफगाण राजा शाह शुजाकडे पाठवलं. फेब्रुवारीच्या अखेरीस तो पेशावरला पोहोचला. दरबारात राजाच्या दंडावरच्या कड्यात कोहिनूर होता, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. जूनमध्ये करार झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शुजाचं राज्यच गेलं. करार कागदावर राहिला.

पण एल्फिन्स्टननं त्या काही महिन्यांत भेटेल त्याला प्रश्न विचारून माहिती गोळा केली आणि काबूलच्या राज्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १८१५ मध्ये छापून आला, म्हणजे तो पुण्यात रेसिडेंट असताना. ज्या काळात शनिवारवाड्यावर त्याचं बारीक लक्ष होतं, त्याच काळात त्याच्या टेबलावर पेशावरचे कागद होते. १८१७ च्या नोव्हेंबरात त्याची संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्यात त्याची पुस्तकं आणि कागदही गेले.

लोखंडी_रूळ

फ्रंटियर मेलचा उल्लेख वाचून राहवलं नाही. पेशावरच्या पुढचा लोहमार्ग तर त्याहून विलक्षण आहे. खैबर रेल्वे, जमरूद ते लंडी कोतल, नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू. ३४ बोगदे, ९२ पूल-मोऱ्या. चढ इतका, की गाडीला पुढे-मागे दोन इंजिनं लावत आणि मधेमधे उलट दिशेनं ढकलत वर चढवत. आपल्या बोरघाटात जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तीच युक्ती. आणि पेशावरच्या विमानतळाची धावपट्टी हा मार्ग ओलांडतो. गाडीला पुढे जायला विमानतळाच्या मनोऱ्याची परवानगी लागे. पुढे पुरांत मार्ग वाहून गेला आणि गाडी बंद पडली.

देवळालीची_सई

आमच्या गावाचा पेशावरशी संबंध आहे! दिलीपकुमार. जन्म ११ डिसेंबर १९२२, पेशावरात, किस्सा ख्वानी बाजाराजवळच्या मोहल्ल्यात. वडील फळांचे व्यापारी, बागा तिकडेही होत्या आणि इथे देवळालीलाही. शिक्षण देवळालीच्या बार्न्स शाळेत. पेशावरातल्या त्याच्या घरापासून थोड्याच अंतरावर, ढक्की मुनव्वर शाह मोहल्ल्यात, १४ डिसेंबर १९२४ ला राज कपूरचा जन्म. दोन वर्षं आणि तीन दिवसांच्या अंतरानं, चालत जाता येईल अशा दोन घरांत! घरी बोलायची ती हिंदको, पेशावरच्या आतल्या शहराची बोली. पाकिस्तानात या दोन्ही घरांना वारसा वास्तूचा दर्जा दिला आहे, पण त्यांची पडझड पाहून जीव तुटतो.

आजीला 'पेशावर' म्हटलं की फळवालेच आठवायचे. सुकामेवा, डाळिंब, गालांवर लाली आणि बोलण्यात अदब, असं ती सांगायची.

वर्धेकर

किस्सा ख्वानी म्हटलं की मला २३ एप्रिल १९३० आठवतो. खान अब्दुल गफारखानांना अटक झाली होती, लोक बाजारात जमले. चिलखती गाड्या आल्या, गोळीबार झाला. गफारखानांचे खुदाई खिदमतगार पठाण होते, हातात बंदूक घेऊनच वाढलेले. त्यांनी शपथ घेऊन हात रिकामे ठेवले होते. मेलेल्यांचा सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत फार अंतर आहे. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाली शिपायांनी निःशस्त्र माणसांवर गोळी झाडायला नकार दिला. चंद्रसिंहांनी जन्मठेप पत्करली.

१९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गफारखानांना स्वतःच्या प्रांतात पाय ठेवायला बंदी होती. ते आमच्या वर्ध्याला येऊन राहिले, गांधीजींजवळ. त्याच डिसेंबरात, मुंबईतल्या एका भाषणाबद्दल, त्यांना वर्ध्यातच पकडलं. माझ्या आजोबांनी त्यांना चालताना पाहिलं होतं. साडेसहा फुटांच्या आसपासचा माणूस, पण चालणं संथ, असं ते म्हणत. सरहद्द गांधी हे नाव आमच्याकडे घरच्या माणसाचं आहे. २० जानेवारी १९८८ ला ते पेशावरात गेले.

ओवी

वाचता वाचता १६ डिसेंबर २०१४ आठवला. पेशावरच्या शाळेवरच्या दहशतवादी हल्ल्यात गेलेली ती मुलं. तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता. त्या दिवशी त्याला शाळेतून आणताना हात सोडवेना. पेशावरचा जुना इतिहास वाचताना ते शहर आज जगणाऱ्या माणसांचं आहे, हे ध्यानात ठेवावंसं वाटतं.

ताई, एक विचारायचं होतं. त्या शहरात आज जुनं देऊळ किंवा विहार असं काही शिल्लक आहे का?

सांजवाट

ओवी, तुझं बरोबर आहे. मीही तो दिवस विसरलेले नाही.

आता तुझा प्रश्न. स्तूपाच्या जागी आज वस्ती आहे, पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. विहार पाहायचा तर मर्दानकडे तख्त-ए-बाही, डोंगराच्या सोंडेवरचा, चांगल्या अवस्थेत टिकलेला विहार, १९८० पासून जागतिक वारसा. पण शहरातल्या शहरात एक जागा आहे, गोर खत्री. पेशावरचा सगळ्यात उंच भाग.

बाबर १५०५ मध्ये पहिल्यांदा या बाजूला आला तेव्हा त्याच्या कानावर गोर खत्रीचं नाव आलं होतं. जोगी आणि हिंदू लांबून येऊन तिथे डोकं आणि दाढी भादरतात, असं. तो मोठ्या उत्सुकतेनं निघाला, पण वाटाड्यानं ती जागा दाखवलीच नाही. छावणीवर परतल्यावर वाटाडा म्हणाला, की ती तर गावालगतच होती, पण वाट अरुंद आणि धोक्याची म्हणून बोललो नाही. दिवस कलला होता, बाबर तसाच पुढे गेला. चौदा वर्षांनी, १५१९ मध्ये, तो पुन्हा आला तेव्हा मात्र त्यानं ती जागा पाहिलीच.

पुढे शहाजहानची मुलगी जहाँआरा हिनं तिथे सराई बांधली. शिखांच्या काळात अविताबिले नावाचा इटालियन सुभेदार तिथे राहत होता. अलीकडे पुरातत्त्ववाल्यांनी त्याच अंगणात एक खोल खड्डा खणला. वर इंग्रजी काळ, त्याखाली शीख, दुराणी, मोगल, मग गझनवी, हिंदू शाही, कुशाण, शक, ग्रीक आणि त्याच्याही खाली वस्ती. एका खड्ड्याच्या भिंतीत हे सगळे थर एकाखाली एक दिसतात. तो खड्डा त्यांनी बुजवला नाही, लोकांना पाहण्यासाठी जपून ठेवला आहे.

आणि त्याच आवारात गोरखनाथाचं देऊळ आहे. फाळणीनंतर ते बंद होतं. पेशावरच्या हिंदूंनी न्यायालयात दाद मागितली आणि २०११ मध्ये ते पूजेसाठी उघडलं. त्या वर्षी साठेक वर्षांनी तिथे दिवाळीचे दिवे लागल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. ते कात्रण मी ठेवलंय. सापडलं की इथे चढवते.